‘संजू’ : कबुली की वकिली?

राजकुमार हिराणी यांचा ‘संजू’ २९ जून २०१८ रोजी प्रदर्शित झाला आणि त्या वर्षी सर्वाधिक कमाई करणारा हिंदी चित्रपट ठरला. देशातल्या देशात गल्ला तीनशे कोटींच्या वर गेला. रणबीर कपूरनं संजय दत्तची चाल, झुकलेले खांदे, बोलण्यातला सैलपणा असा काही उचलला की ‘खलनायक’ न पाहिलेली पोरंही त्याच्या प्रेमात पडली. त्याच आठवड्यात दुसरा सूरही उमटला : हा चरित्रपट कसला, ही तर रंगसफेदी आहे. दोन्ही बाजूंचे लोक आजही आपापल्या जागी ठाम आहेत, कारण प्रश्न एका नटाचा उरलेला नाही. चुकलेल्या माणसाची गोष्ट कशी सांगावी, त्याला माफी कुणी द्यावी आणि कुणाच्या वतीनं द्यावी, हा तो प्रश्न आहे.

ही दोन मतं एकाच घरात समोरासमोर आली तर काय बोलतील, ते इथे मांडलं आहे. आत्या व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक होती, आता निवृत्त झाली आहे. भाची फौजदारी वकील आहे. आत्याला ‘संजू’ मनापासून आवडला, भाचीला तो मनापासून खटकला. दोघींनीही तो लक्ष देऊन पाहिला आहे.

भाची : आत्या, पेशंटच्या थापा पकडण्यात तुझी उभी हयात गेली. तुला हा सिनेमा आवडतो तरी कसा?

आत्या : आवडतो, कारण त्याच्या पहिल्या भागात मला थाप दिसली नाही. आई रुग्णालयात मरणाशी झुंजतेय आणि पोरगा तिच्या खाटेपाशी नशेत आहे. लोकांना वाटतं, हे वाढवून दाखवलंय. मी अशी मुलं पाहिली आहेत. त्यांचं आईवर प्रेम नसतं असं अजिबात नाही. प्रेम असतं आणि नशाही असते, आणि त्या घटकेला नशा जिंकते. नशा मिळाली नाही की ‘टर्की’ लागते : नाक गळतं, हाडं ठणकतात, अंगावर पांघरूण सहन होत नाही आणि काढलं तर हुडहुडी भरते. त्या अवस्थेत मुलगा आईच्या पर्समधले पैसे काढतो आणि तिच्याच पायावर डोकं ठेवून रडतो. दोन्ही खरं असतं. नर्गिसबाई ३ मे १९८१ ला गेल्या आणि ‘रॉकी’ ८ मेला लागला. मुलाचा पहिला सिनेमा, आणि पाच दिवसांपूर्वी आई गेलेली. त्या मुलाच्या डोक्यात काय चाललं असेल, ते हिराणींनी आणि रणबीरनं दाखवलंय.

भाची : त्यावर माझं भांडण नाही.

आत्या : थांब, माझं पुरतं ऐक. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचटांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पुलं आणि सुनीताबाईंनी त्याला हात दिला. तेव्हा व्यसन हा आजार आहे हे लोकांना सांगावं लागायचं, आणि कुणाला ते पटायचं नाही. ‘गर्दुल्ला’ म्हटलं की विषय संपला. मोठ्या घरांत तर मुलगा परदेशी शिकायला गेलाय असं सांगून त्याला लपवायचे. सुनील दत्तांनी मुलाला उपचारासाठी अमेरिकेला पाठवलं आणि पुढे बाप-लेक दोघंही त्याबद्दल उघड बोलले. एवढ्या मोठ्या नटानं आपल्यावर सिनेमा काढू दिला आणि त्यात स्वतःला असं लाळ गाळताना दाखवू दिलं, हे तुला लहान वाटतं?

भाची : लहान नाही वाटत. पण नीट बघ, तिथे त्यानं काय कबूल केलंय? स्वतःचं केलेलं नुकसान. मी वाया गेलो, मी बापाला रडवलं. ही कबुली ऐकताना प्रेक्षकाला त्याची कणव येते. माझं भांडण सुरू होतं ते घरात रायफल येते तिथून.

आत्या : रायफलही दाखवली आहे की. लपवलेली नाही.

भाची : रायफल दाखवली आहे आणि तिच्यामागे कारण लावून दिलंय : बापानं दंगलग्रस्तांना मदत केली, घरी धमक्यांचे फोन यायला लागले, मुलगा घाबरला. आता २१ मार्च २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल घे, न्या. सदाशिवम आणि न्या. चौहान यांचा. जानेवारी १९९३ मध्ये अबू सालेम आणि त्याचे साथीदार बंगल्यावर आले. त्यांनी एके-५६ रायफली आणि हातबॉम्ब आणले होते. संजयनं तीन रायफली ठेवून घेतल्या आणि नंतर दोन परत केल्या. घरात आधीच परवान्याची तीन हत्यारं होती. मग आला एप्रिल. हा मॉरिशसला चित्रीकरणात आणि मुंबईच्या एका दैनिकात बातमी फुटली. यानं तिथून मित्राला फोन केला आणि रायफल नष्ट करायला लावली. घाबरलेला माणूस परवान्याची बंदूक उशाशी घेऊन झोपतो हे मी समजू शकते. एके-५६ मागवायला आणि दाऊद इब्राहिमच्या भावाशी ओळख असायला नुसती भीती पुरत नाही.

आत्या : मग त्याच न्यायालयांनी काय म्हटलं तेही सांग.

भाची : सांगते ना. नोव्हेंबर २००६ मध्ये टाडा न्यायालयाचे न्या. कोदे यांनी त्याला टाडाच्या, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याच्या, आरोपांतून मुक्त केलं. मार्च १९९३ च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांच्या कटात त्याचा हात सिद्ध झाला नाही. दोषी ठरला तो शस्त्र कायद्याखाली. जुलै २००७ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयानं ती पाच वर्षांवर आणली. तो दहशतवादी नाही, हे मी कुणाशीही भांडून सांगेन. त्याला आजही दहशतवादी म्हणणारे लोक निकाल न वाचता बोलतात. पण त्या निकालात दोन गोष्टी आहेत. हा कटात नव्हता, ही एक. यानं जाणूनबुजून युद्धातलं हत्यार घरात ठेवलं आणि पकडलं जाऊ म्हणून पुरावा नष्ट करवला, ही दुसरी. सिनेमा पहिली गोष्ट ओरडून सांगतो आणि दुसरीवरून घाईनं पुढे जातो.

आत्या : तू तेव्हा जन्मली नव्हतीस. दंगलीतली ती मुंबई मी पाहिली आहे. डिसेंबर ९२, जानेवारी ९३. रात्री आवाज आला की सगळी चाळ जिन्यात जमायची. अशा वेळी सुनील दत्त खासदार म्हणून लोकांत उतरले होते. हा माणूस १९८७ मध्ये पंजाब पेटलेला असताना मुंबईहून अमृतसरला पायी गेला होता, लेक बरोबर घेऊन. बार्शीला जा, तिथलं कर्करोग रुग्णालय नर्गिसबाईंच्या नावानं उभं आहे. अशा बापाच्या घरावर धमक्या येतात, तेव्हा पस्तिशीच्या आतल्या, व्यसनातून उठलेल्या, डोकं ठिकाणावर नसलेल्या पोरानं मूर्खपणा केला. गुन्हा केला म्हण. त्याला माफी नाही?

भाची : सुनील दत्तांबद्दल माझ्याही मनात आदरच आहे. पण त्या दिवसांत बेहरामपाड्यात, जोगेश्वरीत, तुमच्या चाळीत हजारो माणसं घाबरलेली होती. त्यांच्या दारात रायफली घेऊन गाडी आली नाही. त्याच सुमाराला रायगडात दिघीला आणि शेखाडीला शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं होतं. १२ मार्चच्या शुक्रवारी शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत, सेंच्युरी बाजार, झवेरी बाजार, प्लाझा असं शहर फुटत गेलं. २५७ माणसं मेली. सिनेमात ते स्फोट येतात ते नायकावर कोसळलेलं संकट म्हणून. पडद्यावर जी माणसं मेली ती कुणाची कोण, ते आपल्याला कळतच नाही.

आत्या : अगं, ही बाप-लेकाची गोष्ट आहे! शहराच्या इतिहासाचा सिनेमा हवा असेल तर तो वेगळा काढावा लागेल. त्या स्फोटांवरचा ‘ब्लॅक फ्रायडे’ आहे की. प्रत्येक लेखक निवड करतो. हिराणींनी बापाचं काळीज निवडलं. परेश रावलांचे सुनील दत्त बघताना मला आमच्या पालकगटातले वडील आठवत होते. मुलाला हाकलून दिलं म्हणून रडणारे, आणि पुन्हा घरात घेतलं म्हणून लोकांच्या शिव्या खाणारे. बापाचे आभार मानायचे असतात आणि मनाजोगं ते म्हणायचं राहून जातं, हे या सिनेमानं लाखो मुलांना जाणवून दिलं.

भाची : निवड करावीच लागते. मी खटल्यात बाजू मांडते तेव्हा मीही निवड करते. पण वगळलेल्या गोष्टी एकापुढे एक मांड आणि बघ त्या कुठल्या दिशेनं पडतात. परवान्याची तीन हत्यारं वगळली. पहिली पत्नी रिचा शर्मा वगळली. १९८७ मध्ये लग्न, थोड्याच काळात मेंदूत गाठ, १९९६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मृत्यू. त्यांची मुलगी वगळली. दुसरी पत्नी रिया पिल्लई वगळली. बहिणी आहेत, पण असून नसल्यासारख्या. आणि काय ठेवलं? तीनशे आठ बायकांचा आकडा. तोही शेजारी बायको बसलेली असताना, हशा यावा म्हणून. एवढ्या बायका मोजल्या आणि आजारपणात मेलेली बायको मोजणीत आली नाही. यातली एक तरी गोष्ट नायकाच्या विरोधात जाईल अशा तऱ्हेनं राहिली आहे का?

आत्या : रिचाबद्दल मलाही चुकचुकलं. पण हेही बघ, तिची मुलगी आज हयात आहे. तिनं स्वतःचं आयुष्य लांब उभं केलंय. तिच्या आईचं मरण पडद्यावर मांडू नये असं वाटलं असेल तर?

भाची : तसं असेल तर एक वाक्य पुरलं असतं. नाव न घेता, चेहरा न दाखवता. गोपनीयता जपायची म्हणून माणूस अस्तित्वातच नव्हता असं दाखवत नाहीत. आणि ज्यांची गोपनीयता जपली ते सगळे नेमके नायकाला अडचणीचे कसे निघाले? अभिनेत्री सावित्रीवरचा ‘महानटी’ त्याच वर्षी आला होता, मे महिन्यात. तिचं दारूपायी झालेलं हसं, तिचा नवरा जेमिनी गणेशनचं वागणं, सगळं त्यात होतं. जेमिनी गणेशनच्या मुलीनं जाहीर नाराजी व्यक्त केली. चरित्रपट काढला की कुणीतरी दुखावतंच. ‘संजू’त ज्यांच्या हातात सगळं होतं त्यांच्यापैकी कुणीच दुखावलं नाही.

आत्या : म्हणजे दुखावणं हीच खरेपणाची खूण?

भाची : खूण नाही, किंमत आहे. आणि ‘संजू’नं ती दुसऱ्यांच्या खिशातून भरली. हिराणींनी नंतर जाहीरपणे सांगितलं की पहिलं संकलन पाहून लोकांना या माणसाचा राग आला, म्हणून सहानुभूती वाटेल असा भाग घातला. निकालाच्या दिवशीचा आत्महत्येच्या प्रयत्नाचा प्रसंग त्यातलाच. म्हणजे आधीच्या, खऱ्याच्या जास्त जवळ असलेल्या सिनेमात प्रेक्षकाला जे वाटलं ते पुसून दुसरं वाटायला लावलं.

आत्या : इथे मी हिराणींच्या बाजूनं उभी राहीन. राग आला की कान बंद होतात. पालकगटात हे मी रोज बघायची. बाप हाताची घडी घालून बसलेला, मुलगा समोर. मुलानं कितीही खरं सांगितलं तरी बापाला ऐकूच जायचं नाही. आधी बापाची ती घडी सुटावी लागते. त्यासाठी आम्ही मुलाच्या लहानपणची एखादी गोष्ट विचारायचो. त्याची सायकल, त्याची शाळा. बापाचे हात सैल पडले की मग खरं बोलणं सुरू व्हायचं. हिराणींनी तेच केलं.

भाची : बरोबर. पण हात सैल पडल्यावर तुम्ही पुढे काय करायचात? सायकलवरच मीटिंग संपवायचात का?

आत्या : नाही. मग मुलानं काय केलं ते त्याच्या तोंडून काढायचो.

भाची : इथे बापाची घडी सुटली, प्रेक्षक रडला, आणि नेमकं तेव्हा सिनेमानं बोट दाखवलं वर्तमानपत्रांकडे. घरासमोर ट्रकमध्ये आरडीएक्स सापडलं का, असा प्रश्नचिन्हाचा मथळा. त्यामुळे मित्र तुटला, आयुष्य उद्ध्वस्त झालं. शेवटचं अख्खं गाणं पत्रकारांवर. मला पत्रकारांचा पुळका नाही. माझ्या अशिलांची छायाचित्रं आरोप सिद्ध व्हायच्या आधी छापली जातात, ते मी सोसते. पण इथे पहिली बातमी काय होती? संजय दत्तकडे एके-५६ आहे. ती बातमी खरी होती. ज्या बातमीदारानं ती काढली त्यानं त्याचं काम केलं. खऱ्या बातमीपासून सुरू झालेल्या गोष्टीत खलनायक बातमीदार ठरला. ‘संजू’ आला त्याच साली मार्चमध्ये संजय दत्तचं एक अनधिकृत चरित्र पुस्तकरूपात आलं, तर त्याला कायदेशीर कारवाईचा इशारा मिळाला. म्हणजे ही गोष्ट सांगण्याचा अधिकार कुणाला, तेही ठरून गेलेलं होतं.

आत्या : तरी त्यानं शिक्षा भोगली ना? नेत्या-अभिनेत्यांची मुलं सुटतात असं आपण कायम म्हणतो. हा नाही सुटला. टाडाखाली तुरुंगात गेला, पुन्हा १९९४ ते ९५ आत होता, मे २०१३ मध्ये शरण आला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये येरवड्यातून बाहेर पडला. कोठडीत शौचकूप तुंबून घाण पाणी जमिनीवर येतं, ते दृश्य आठव. काही लोकांनी त्याला हरकत घेतली होती. मला ते सिनेमातलं सर्वांत प्रामाणिक दृश्य वाटलं. बंगल्यातला मुलगा भिंतीला चिकटून उभा आहे आणि पाणी पायाशी येतंय. माणसाला आणखी किती खाली नेणार तुम्ही?

भाची : ते दृश्य मलाही हलवून गेलं. आणि एक कबूल करते : तुरुंगाबद्दल मी अर्ज लिहून जे सांगू शकले नाही ते त्या एका दृश्यानं सांगितलं. कच्च्या कैद्यांच्या बराकीत किती माणसं कोंबलेली असतात, पाण्याची काय दशा असते, हे लोकांना बातमी वाचून कळत नाही. या दृश्यासाठी मी हिराणींचे आभार मानीन. पण शिक्षा भोगली म्हणून गुन्ह्याची गोष्ट बदलता येत नाही. उलट शिक्षा भोगलेल्या माणसाला खरं बोलायची मोकळीक असते. त्याचं आणखी काही जाणार नसतं. फर्लो-पॅरोलवर तो बाहेर येत राहिला तेव्हा लोकांनी निदर्शनं केली. येरवड्यातल्या बाकी कैद्यांना त्या रजा तशा मिळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि त्याच खटल्यात वांद्र्याच्या एका वयस्क बाईंना, अबू सालेमनं आणलेली शस्त्रं घरात ठेवली म्हणून, टाडाखाली पाच वर्षं झाली. आपण निर्दोष आहोत असं त्या सांगत राहिल्या. न्या. काटजूंनी दोघांच्याही माफीसाठी आवाज उठवला होता. शंभर जण दोषी ठरले त्या खटल्यात. एकाच्याच गोष्टीला दोन तास एकेचाळीस मिनिटं मिळाली.

आत्या : प्रसिद्ध माणसावरच सिनेमा निघतो. अभिनेत्री हंसा वाडकर प्रसिद्ध होत्या म्हणूनच त्यांच्या आयुष्यावर ‘भूमिका’ निघाला.

भाची : बरी आठवण काढलीस. त्यांनी कसं सांगितलं होतं?

आत्या : त्यांचं आत्मचरित्र ‘सांगत्ये ऐका’ आम्ही मैत्रिणींनी हातोहात वाचलं होतं. १९७० ला पुस्तक आलं, अरुण साधूंनी शब्दांकन केलेलं. त्यात बाईंनी दारू लपवली नाही, नवऱ्याला सोडून गेलेलं लपवलं नाही, परत यावं लागलं तेही लपवलं नाही. मला सगळ्यांत जास्त काय लागलं असेल, तर मुलीच्या वाट्याला काय आलं हे त्या सांगतात, आणि तेव्हा स्वतःला कुठेही सोडवून घेत नाहीत. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. १९७७ मध्ये श्याम बेनेगलांनी ‘भूमिका’ काढला तेव्हा नावं बदलली, हंसाची उषा झाली. त्या कामासाठी स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि त्या सिनेमात…

भाची : बोल ना.

आत्या : त्या सिनेमात उषाचा राग येतो. मुलीला मागे ठेवून ती निघते तेव्हा येतो. आणि राग येत असतानाच तिच्यासाठी जीव तुटतो. तो राग कुणी संकलनात कापून टाकला नव्हता.

भाची : मी तेवढंच म्हणतेय, आत्या.

आत्या : थांब, आता मला माझ्या कामाच्या भाषेत बोलू दे. आमच्याकडे बरा होत असलेला माणूस गटासमोर उभा राहून आपली कहाणी सांगतो. ‘शेअरिंग’ म्हणतो आम्ही त्याला. पहिल्या महिन्याच्या शेअरिंगमध्ये दोषी कायम दुसरेच असतात. मित्रानं ओढलं. बापाचा धाक होता. बायकोनं समजून घेतलं नाही. पोलिसांनी अडकवलं. ऐकताना डोळे भरून येतात, कारण त्यातलं बरंचसं खरंही असतं. आम्ही थांबवत नाही, बोलू देतो. पण सहा महिन्यांनी तोच माणूस तीच गोष्ट, तेच हशे आणि तेच हुंदके घेऊन सांगायला लागला, की आम्हाला धास्ती वाटते. हा घसरणार. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बारा पायऱ्यांत आठवी पायरी अशी आहे की आपण ज्यांना ज्यांना इजा केली त्यांची यादी करायची. नववी पायरी म्हणजे त्यांच्याशी शक्य तिथे भरपाई करायची, मात्र त्यानं त्यांना आणखी त्रास होणार नसेल तरच. मी माणसं त्या आठव्या पायरीवर अडकलेली पाहिली आहेत. कागद घेतात, पेन उघडतात, वडिलांचं नाव पहिलं लिहितात. बापाची माफी मागणं सोपं असतं, बाप आधीच माफ करून बसलेला असतो. दुसरं नाव लिहायला आठवडा लागतो.

भाची : ‘संजू’त एकच नाव लिहिलं गेलं.

आत्या : हो. बापाचं. आणि मित्राचं अर्धं. रिचाचं नाही, मुलीचं नाही, त्या रायफलीपायी गोत्यात आलेल्यांचं नाही. त्याच्यासाठी रायफल नष्ट करणारे मित्रही शिक्षेला सामोरे गेले, त्यांचंही नाही. तू निकालपत्रातून जे सांगतेयस ते मला माझ्या वहीतून पटतंय. हे पहिल्या महिन्याचं शेअरिंग आहे. फार सुंदर केलेलं, पण पहिल्या महिन्याचं.

भाची : मग तू आणि मी भांडत कशावर होतो?

आत्या : अजूनही भांडण आहे. तुझ्या बाजूचे बरेच लोक म्हणतात, अशा माणसावर सिनेमा काढूच नये, त्याला मोठं करू नये. ते मला मान्य नाही. पहिल्या महिन्याचं शेअरिंग ऐकून घेतलं नाही तर सहाव्या महिन्याचं कधी येतच नाही. ज्यानं चूक केली त्याला बोलू द्यायलाच हवं.

भाची : मलाही ते मान्य नाही. त्याला बोलू द्यावं. माझं म्हणणं इतकंच, की दया मिळवण्यासाठी खरं कापावं लागलं, तर ती दया त्या माणसाला मिळालेलीच नाही. ती कापून उरलेल्या माणसाला मिळाली. खरा माणूस जो आहे, एके-५६ ठेवून घेणारा, घाबरून फोन करणारा, मुलीपासून लांब राहिलेला आणि तरी बापावर जीव टाकणारा, तो अजून माफीची वाट पाहत बसलाय. त्याला कुणी भेटलंच नाही. सिनेमात लंडनहून आलेली एक चरित्रकार त्याच्या मित्रांना गाठते. ज्यांचं नुकसान झालं त्यांतल्या एकाच्या तरी दारात ती जायला हवी होती. गेली असती तर प्रेक्षक त्याच्यासाठी कमी रडला असता असं मला वाटत नाही. जास्त रडला असता.

आत्या : हे माझ्या गटात सांगशील?

भाची : तू अजून गट घेतेस?

आत्या : आठवड्यातून एकदा जाते. मला हा सिनेमा तिथे दाखवायचाच आहे. मुलांना आणि पालकांना एकत्र बसवून. व्यसनाचा भाग पाहून त्यांना जे कळेल ते माझ्या दहा व्याख्यानांतून कळणार नाही. सिनेमा संपला की प्रत्येकाला कागद देईन. या गोष्टीत असायला हवं होतं आणि दिसलं नाही असं कोण आहे, ते लिहा म्हणेन. काही जण बायकोचं नाव लिहितील, काही जण स्फोटात मेलेल्यांचं. मग तोच कागद उलटायचा, आणि मागच्या बाजूला आपल्या स्वतःच्या गोष्टीत आपण कुणाला गाळतो ते लिहायचं. आणि तू ये निकालपत्र घेऊन. त्यातली पानं वाचून दाखव. काय सिद्ध झालं आणि काय नाही झालं, दोन्ही.

भाची : येते. पण सगळा हॉल रडत असताना मी कायद्याची कलमं वाचायला उभी राहिले तर लोक मला दगड मारतील.

आत्या : नाही मारणार. आधी रडू दे त्यांना. मग वाच. पण एकही पान न गाळता वाच.